ओसरीवरून : चार घरांची वाडी



अक्षय्य तृतीया दारात आली. आमच्या आईच्या काळी या दिवशी नवी घागर भरायची, पितरांचे पान वाढायचे, आणि दुपार कलली की घरातली म्हातारी माणसे खुरपी घेऊन मागच्या वाडीत आळी करायला बसायची. दोडक्याचे आळे कुंपणाला, कोहळ्याचे उकिरड्याच्या कडेला, लवकीचे कोठ्याच्या पडवीला, म्हणजे वेल छपरावर चढवता येतो. पाऊस पडायला अजून दीड महिना असे. पण आळ्यात शेणखत भरून, माती उन्हात तापवून ठेवायची. बिया राखेच्या मडक्यातून निघायच्या. आई प्रत्येक बी तळहातावर घेऊन पाहायची आणि पोचट असले की कोंबडीपुढे टाकायची.

पुणे-नाशिककडचे वाचक ज्याला परस किंवा परसबाग म्हणतात, त्याला आमच्याकडे वाडी म्हणतात. भंडाऱ्याकडे सांदवाडी म्हणतात. शब्द कोणताही घ्या, जागा तीच : घराच्या मागे, बायकांच्या ताब्यातली, सातबाऱ्यावर जिच्या पिकाची नोंद कोणी करत नाही अशी.

आज या वाडीबद्दल लिहायचे आहे. पण आधी एक घरची गोष्ट सांगते. सांगावी की नाही, यावर चार दिवस विचार केला. वहिनी म्हणाली, "सांगा बाई, नाव नका टाकू म्हणजे झालं."

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझ्या भावाने वहिनीला नागपूरला माझ्याकडे आणले. कापूस वेचताना दोनदा चक्कर येऊन पडली होती. पायऱ्या चढताना धाप लागे, नखे पांढरी पडलेली. दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी गोळ्या लिहिल्या, जंताचे औषध लिहिले आणि मग विचारले, "जेवणात काय असतं?"

"वरण-पोळी. कधी भात. आलूची भाजी, नाही तर बेसन."

"पालेभाजी?"

"बुधवारी बाजार असते जी. आणली तं दोन दिवस पुरते."

"शेती आहे ना तुमची?"

"आठ एकर हाय."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर करून पाहिले. काही बोलल्या नाहीत. त्या पाहण्याची मला मात्र लाज वाटली. आठ एकर ओलिताची जमीन, विहिरीला पाणी, आणि मालकिणीच्या अंगात रक्त नाही!

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट असती तर मी ती चार भिंतींच्या आत ठेवली असती. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यात शेतकऱ्यांच्या बायका आहेत, मजुरीला जाणाऱ्या आहेत, शहरातल्याही आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराचे जे मार्गदर्शन काढले त्यात मोठ्या माणसाने दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात असे म्हटले आहे. आलू त्यात धरत नाहीत. पाच माणसांच्या घराला म्हणजे रोज दोन किलो, महिन्याला साठ किलो. बुधवारच्या बाजारातून कोणती शेतकरीण महिन्याला साठ किलो भाजी डोक्यावरून आणते, ते सांगा.

वहिनीला पोचवायला मी गावी गेले आणि मुद्दाम मागच्या वाडीत जाऊन उभी राहिले. कमरेएवढे गाजरगवत. एक मोडका फवारणी पंप. तुरीच्या तुराट्यांचा ढीग, कुत्री, आणि माझ्या आईने लावलेला एक मुनगा तेवढा जिवंत. आईच्या हातची वाडी अशी कशी मेली, हा प्रश्न मी भावाला विचारला. तो चिडला. "टाइम कोणाले हाय?" म्हणाला. वहिनीने मात्र रात्री भाकरी थापता थापता सगळा हिशेब सांगितला, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

बैलजोडी विकली, तेव्हा शेण गेले. शेण गेले तशी वाडीची माती दगड झाली. नळ पुढच्या दारी आला, त्यामुळे मागच्या विहिरीवरचे धुणे-भांडे बंद झाले आणि त्या सांडपाण्यावर जगणारा चमकोरा आणि केळ वाळली. मग माकडे आली. मग एका वर्षी कुंपणाची बोराटी कोणी भरली नाही आणि शेजारच्या बकऱ्या आत शिरल्या. यातले एकही कारण एवढे मोठे नव्हते की त्याच्यावर कोणी घरात चार शब्द बोलावे.

पण तिने जे शेवटी सांगितले ते मला माहीतच नव्हते. म्हणाली, "बाई, भाजी वाडीतून थोडी येत होती. भाजी निंदनातून येत होती." आणि खरेच की! निंदायला गेलेल्या बाया संध्याकाळी ओटीत घोळ, चिवळ, केना, कुंजर, तरोट्याचा कोवळा पाला घेऊन येत. पऱ्हाटीच्या तासांत अंबाडीची झाडे असत, चवळी असे, धुऱ्यावर काकडी आणि वाळूक असे. भादव्यापर्यंत भाजीला पैसा लागत नसे. आता तणनाशक फवारले की केना आणि घोळ आठ दिवसांत करपते. निंदनाची मजुरी वाचली हे खरे. मजूर मिळत नाहीत हेही खरे. माझ्या भावाला मी दोष देत नाही. पण त्या फवाऱ्याने घरातली फुकटची पालेभाजी मारली, हा खर्च त्याच्या वहीत कुठे लिहिलेला नाही. (फवारलेल्या शेतातला वाचलेला पाला खुडून आणू नका हो. हिरवा दिसला तरी आणू नका.)

निंदनाची भाजी गेली आणि विकतची आली, तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. भाजी मालकाच्या खिशात गेली. बाजाराचे पैसे तो देईल तेवढीच जुडी. आमचा भाऊ कंजूष नाही, पण बायकोला पन्नास रुपये मागावे लागतात, आणि मागायचे म्हटले की ती आलू घेते, कारण आलू आठ दिवस टिकतो.

आता नागपूरचे सांगते, म्हणजे उलटी गंमत कळेल. या शहराचा बाजाराशी संबंध इतका जुना की इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी पेठांची नावेच वारांवरून पडली. आज मात्र भाजी येते कळमन्याहून आणि कॉटन मार्केटातून, आणि तिथून ट्रकात बसून उलट खेड्यांच्या आठवडी बाजारात जाते. वहिनी बुधवारी जी सांबाराची जुडी घेते (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, मद्रासी सांबार नव्हे), ती कदाचित तिच्याच तालुक्यातून निघून, नागपूर पाहून, तिच्या गावी परतलेली असते. भाडे मात्र दोन्ही वेळचे वहिनी भरते.

आणि ज्या शहरातून ही भाजी येते तिथली माणसे आता गच्चीवर भेदरं लावू लागली आहेत. आमच्या ले-आऊटमध्ये मधोमध सार्वजनिक वापराचा एक मोकळा तुकडा आहे. तिथे कचरा आणि डुकरे यांचेच राज्य होते. काही वर्षांपूर्वी नऊ घरांनी मिळून तिथे भाजी लावायचे ठरवले. जागा आपली नाही, म्हणून आधी रीतसर विचारले. पक्के बांधकाम करायचे नाही, कोणाला अडवायचे नाही, या अटी पाळल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण न विचारता घातलेले कुंपण एक दिवस कोणीतरी उपटतेच आणि मग सगळ्यांचा उत्साह त्यासोबत उपटला जातो.

पहिले वर्ष साफ वाया गेले. आम्ही सगळे मिळून सगळे करायचे ठरवले होते. सगळ्यांचे म्हणून कोणी पाणी घातले नाही, आणि सगळ्यांची म्हणून फुलकोबी एकाच पहाटे नाहीशी झाली. कोणी नेली हे सर्वांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. एका काकांनी युरिया एवढा टाकला की पालक हातभर वाढला आणि मग माव्याने काळा पडला. दोन घरे आजही एकमेकांशी जेवढ्यास तेवढी बोलतात. माणसांनी एकत्र येणे किती चांगले यावर भाषणे पुष्कळ ऐकली आहेत. ती देणाऱ्यांनी एकदा नऊ घरांची फुलकोबी लावून पाहावी.

दुसऱ्या वर्षी शहाणपण शिकवले ते आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईने. ती मूळची भिवापूरकडची, जिथली मिरची प्रसिद्ध आहे. ती म्हणाली, "तुमचं चुकलं कुठं सांगू? पाणी एकाचं नसते, वाफा सगळ्यांचा नसते." आम्ही ते वाक्य धरले. वाफा ज्याचा त्याचा केला. पाणी, खत, बी आणि कुंपण सर्वांचे ठेवले. पाण्याच्या पाळ्या भिंतीवर लिहिल्या. पाळी चुकवली की त्या आठवड्यात खताची पाटी नाही. नऊ घरांचा ओला कचरा एका खड्ड्यात, वर पालापाचोळा. जो पाचोळा लोक जाळत होते तो आता मागून आणावा लागतो. ती बाई दहावे घर झाली. तिचा वाफा सगळ्यांत चांगला येतो, हे सांगायला नकोच.

नागपूरच्या एका बाबतीत शहरातल्या वाचकांना इशारा देते. नाल्याचे पाणी आयते मिळते म्हणून पालेभाजीला घालू नका. नाग नदीत शहराचे सांडपाणी जाते. तसल्या पाण्यावर पालक डोळ्यांना हिरवागार दिसतो, पण त्याच्या पानाला जंतांची अंडी चिकटतात आणि कारखान्याचे पाणी मिसळले असेल तर शिसेही मातीत उतरते. रक्त वाढवायला खाल्लेल्या भाजीने जंत वाढले तर काय मिळवले? स्वयंपाकघरातले भाजी-तांदूळ धुतलेले पाणी खुशाल घाला. साबणाचे पाणी चमकोऱ्याला आणि केळीला, पाल्याला नको.

तर, वहिनीच्या गावी मी ही भिंतीवरची पाटी मनात घेऊन गेले. एकट्या वहिनीला वाडी करायला सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक टोपले ठेवणे. कापूस वेचून आलेली बाई रात्री वाफ्याला पाणी घालेल का? मग आम्ही दोघींनी आळीतली घरे मोजली. वहिनीकडे जागा होती, शेण नव्हते. डाव्या हाताच्या घरी दोन गाई, जागा तसूभर नाही. उजव्या हाताच्या घरी विहीर आणि मोटर. आणि समोर एक बाई, तिच्याकडे ना जागा, ना शेण, ना पाणी, मजुरीवर जगते. पण गावात तिच्यासारखी निंदणारी आणि बी ओळखणारी कोणी नाही. चार घरांत मिळून एक पुरी वाडी होती. फक्त ती चार ठिकाणी सांडलेली होती.

वहिनीने समोरच्या बाईला आधी मजुरी देऊ केली. ती म्हणाली, "मजुरी नोको. वाफा द्या." यावर घरात आठ दिवस बोलणी चालली. भावाला वाटले, आज वाफा मागते, उद्या जागा मागेल. सासूबाई असत्या तर त्यांनाही वाटले असते, आणखी दुसऱ्या कारणाने. ते कारण गावात राहणाऱ्यांना मी सांगायला नको. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापुढे अडून बसली. म्हणाली, "रक्त माझं कमी हाय, तुमचं नाही." वाफा दिला.

अडीच गुंठ्यांची जागा साफ करायला पंधरा दिवस लागले. काळी माती पावसात चिखल होते आणि मुळ्या कुजतात, म्हणून वीतभर उंच गादीवाफे केले. दोन वाफ्यांतल्या चरात सोयाबीनचे कुटार अंथरले. तण कमी, ओल टिकते, आणि पुढच्या वर्षी त्याचेच खत. आमच्याकडे उमेदच्या बचत गटांनी गोल परसबागा केल्या आहेत, मध्ये खड्डा आणि भोवती सात दिवसांचे सात वाफे. ती मांडणी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या विचारातून पुढे आली. दिसायला छान आणि थोड्या जागेला उत्तम. वहिनीने ती केली नाही, कारण तिला सरळ ओळीत निंदायची सवय. ज्याने हात चालतो तो आकार बरा.

आता इतिहासाचे दोन शब्द, कारण आपल्या वऱ्हाड-नागपुरात हे काही नवे खूळ नाही. वर्ध्याला मगनवाडीत १९३५ मध्ये गांधीजी राहत होते. जमनालाल बजाजांनी दिलेल्या त्या संत्र्याच्या बागेत ग्रामोद्योग संघाचे काम चाले, आणि पंगतीत आहाराचे प्रयोग चालत. मुळ्याचा, गाजराचा, मोहरीचा जो पाला लोक टाकून देतात तो खाऊन पाहायचा, आणि 'हरिजन' पत्रात लिहायचे. पाहुणे म्हणे त्या ताटाला भीत असत. त्याच वर्षी त्यांनी सोयाबीनही मगनवाडीच्या ताटात आणून पाहिले. आज वर्ध्यापासून वाशीमपर्यंत पाहावे तिकडे सोयाबीन आहे, आणि ते पिकवणाऱ्यांपैकी किती घरांत चुलीवर चढते? पोते भरून जाते आणि पिशवीतले तेल होऊन परत येते.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाला हात न लावता, अंगमेहनतीने आश्रमाचे अन्न पिकवायचे. विहीर स्वतः खणली, बैलांवाचून शेती केली, रहाट माणसांनी फिरवला. पुढच्याच वर्षी, १९५१ च्या मार्चमध्ये, ते तेलंगणाकडे पायी निघाले आणि एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान मिळाले, म्हणून लोकांना भूदान आठवते, भाजीचे वाफे आठवत नाहीत. मला स्वतःला तेवढी पैशाची बंदी पटत नाही. घरात पैसा लागतो. पोराची फी सांबाराच्या जुडीने भरता येत नाही. पण जे घरी पिकू शकते त्यासाठी पैसा मोजू नये, एवढा अर्धा भाग घ्यायला काय हरकत आहे?

बाहेरच्या जगातही अडचण आली की माणसे वाडीकडे वळली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात बागा आणि मैदाने खणून भाजी लावली. १९९१ नंतर सोव्हिएत मदत बंद झाली तेव्हा क्युबाच्या हवाना शहरात मोकळ्या तुकड्यांवर वाफे झाले आणि शहराची बरीचशी भाजी शहरातच पिकू लागली. त्यांच्यावर वेळ आली म्हणून त्यांनी केले. आपल्या बायांच्या नखांवर वेळ आलेली दिसते आहे, ती आपण वाचत नाही.

आणि गंमत म्हणजे नागपूरएवढी शेतीची विद्या दुसऱ्या शहरात सापडायची नाही. १९०६ चे कृषी महाविद्यालय इथे, कापसाची केंद्रीय संस्था इथे, संत्र्या-मोसंबीची इथे, देशभरच्या मातीची पाहणी करणारी संस्था इथे. जैविक शेतीचे केंद्र सरकारचे प्रादेशिक केंद्रही इथेच. या सगळ्यांच्या पन्नास कोसांत वाड्या ओस पडल्या!

बियांचे कसे केले ते सांगते, कारण पत्रांतून हाच प्रश्न जास्त येतो. नागपुरात २०१३ पासून बीजोत्सव भरतो. विदर्भातले देशी बी राखणारे शेतकरी आणि शहरातले खाणारे तिथे भेटतात. आम्ही दोघी तिथे गेलो. वहिनीने भांबावून सगळी दालने पाहिली आणि एका ठिकाणी थबकली. तिथे टोपलीत पोपटाच्या वालाचे बी होते, तिच्या माहेरी असे तसले. लग्नानंतर तिने ते पाहिले नव्हते. मूठभर आणले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती असल्याच मुठी जपल्याबद्दल. शाळा न शिकलेल्या बाईने घरात बियांची बँक उभी केली. आणि कायदाही आपल्या बाजूचा आहे : २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे, फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखे नाव-शिक्का लावून विकता येत नाही.

बी राखताना वेलवर्गाची काळजी घ्या. एकाच जागी दोन जातींची लवकी लावली तर मधमाशा त्यांचे परागकण मिसळतात आणि पुढच्या वर्षी भलतेच फळ येते. बियाण्यासाठी वेलावरचे दुसरे-तिसरे चांगले फळ राखा, वाळू द्या, खुळखुळा वाजला की फोडा. वांगे पिवळे पडून मऊ होईपर्यंत झाडावर ठेवा. आणि लवकी किंवा काकडी चिरल्यावर टोकाचा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागली तर शिजवू नका, रस काढू नका, सरळ टाकून द्या, तिचे बीही ठेवू नका. तो कडूपणा विषारी असतो. कारल्यासारखा गुणाचा नव्हे.

दोन वर्षांचा हिशेब विचाराल, तर सगळे गोड नाही. पहिल्या पावसाळ्यात वालाला फूल धरले आणि माकडांनी दोन सकाळीत वेल उतरवला. आता वाल समोरच्या बाईच्या अंगणात असतो, कारण तिचा कुत्रा जागा राहतो. दिवाळीनंतरचा हंगाम उत्तम : पालक, मेथी, सांबार, मुळा, लसूण, आणि हरभऱ्याचे शेंडे खुडून केलेली भाजी. माघात ढेमसं लावली. चैत्रात विहीर खाली गेली, तेव्हा चमकोरा, मुनगा आणि हेटी एवढेच हिरवे राहिले. म्हणून नवीन सुरुवात करणाऱ्यांनी आधी झाडे लावावीत, मग वाफे. मुनगा, हेटी, कढीलिंब आणि लिंबू ही चार झाडे बांधावर लागली की वैशाखातही चुलीवर हिरवे काही चढते.

वहिनीचे रक्त सातावरून साडेदहावर आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुख्य काम गोळ्यांनी केले. ते मी तसेच सांगते, कारण भाजी खाऊन रक्त वाढेल म्हणून कोणी गोळ्या बंद केल्या तर ते पाप माझ्या माथी नको. पण गोळ्या संपल्यावर ते खाली घसरू नये यासाठी रोजचे ताट लागते. पालेभाजीवर लिंबू पिळा, आणि जेवल्याबरोबर चहा नको. चहाने लोह अंगी लागत नाही. हे शेवटचे वहिनीला सगळ्यांत जड गेले.

आमच्या ले-आऊटच्या नऊ घरांना वहिनीच्या वाडीची खबर लागली तेव्हा सगळे म्हणाले, दर आठवड्याला एक चुंगडी भाजी पाठवायला सांगा, आम्ही कळमन्यापेक्षा चांगला भाव देऊ. २०१६ पासून फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकायला मोकळीक आहे, तेव्हा अडचण काही नव्हती. वहिनीला मोह झाला. मीच म्हटले, थांब. दूध जसे डेअरीत गेले आणि पोरांच्या पेल्यातून आटले, तसे भाजीचे होऊ देऊ नको. चौघींनी ठरवले की शनिवारपर्यंतची खाण्याची भाजी काढून जे उरेल ते रविवारच्या एसटीने पाठवायचे. कधी पाच किलो असते, कधी काही नसते. पैसे चार वाट्यांत, चौघींच्या हातात. रक्कम किती ते वहिनी भावाला सांगत नाही आणि मीही इथे लिहीत नाही.

गावात शाळा असेल तर तिथल्या परसबागेतही हात घाला. पोषण आहाराच्या खिचडीत पालक पडला तर तो तुमच्याच नातवाच्या पोटात जातो. जागा पंचायतीची असेल तर ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत पाणी कोण घालणार हे ठरावातच लिहा. शाळांच्या बागा मे महिन्यात मरतात.

यंदा अक्षय्य तृतीयेला आळी कशी करायची ते थोडक्यात : हात-दीड हात रुंद, हातभर खोल खड्डा. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या. आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या. मग तळाशी पाचोळा, त्यावर कुजलेले शेणखत वरच्या मातीत मिसळून, आणि मूठभर राख. कच्चे शेण नको, हुमणी लागते. पाण्याची सोय असेल तर लगेच बी टोका, एका आळ्यात चार. उगवल्यावर दोन जोमदार राखा. पाणी नसेल तर आळे झाकून ठेवा आणि मृगाची वाट पाहा. कोहळ्याला जागा फार लागते, ते कुंपणाबाहेर पळू द्या. काटवलाचे बी नुसते टोकून लवकर उगवत नाही. जुन्या वेलाखालचा कंद कोणाकडून मिळाला तर तोच लावा. त्यात नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात, दोन्ही हवेत, नाही तर फुलेच पाहत बसाल.

काल रात्री वहिनीचा फोन आला होता. आळी खणून झाली आहेत. गाई असलेल्या घरी यंदा एक गाय विकली, तेव्हा खत अर्धेच मिळणार, म्हणून समोरच्या बाईने बकरीच्या लेंड्यांचा ढीग आणून टाकला आहे आणि त्या बदल्यात आणखी अर्धा वाफा मागते आहे. विहीरवाल्या घरचीचे म्हणणे, अर्धा नाही, पाव. आज दुपारी चौघी त्यासाठी मुनग्याखाली बसणार आहेत.